डॅनिश–मराठी रोजचे शब्द : कामाच्या नोंदी

२ सप्टेंबर

आज काम रीतसर सुरू केलं. डेन्मार्कमधल्या ऑर्हूस गावात मला सात वर्षं झाली. या काळात निदान दहा-बारा मराठी घरांना मी एकच कागद परत परत लिहून दिला आहे: दुकानात काय म्हणायचं, डॉक्टरकडे काय ऐकू येईल, दारावर काय लिहिलेलं असतं. तो कागद आता नीट करायचा. ३०० कार्डं. प्रत्येकावर मूळ डॅनिश स्पेलिंग, देवनागरीत उच्चार, मराठी अर्थ आणि वापरातलं एक वाक्य. या नोंदींत मात्र सगळं देवनागरीतच लिहिणार, कारण उच्चार ठरवणं हेच निम्मं काम आहे.

मुदत नोव्हेंबरअखेर. आई गेल्या आठवड्यात आली, तिचा व्हिसा नव्वद दिवसांचा. कार्डांची पहिली वाचक तीच. मी कामावर गेले की दिवसभर ती एकटी असते, आणि तिला खालच्या दुकानापर्यंत कुणाला न विचारता जाऊन यायचं आहे.

एकच नियम ठरवला आहे: इंग्रजीच्या वाटेने जायचं नाही. हाताशी असलेली बहुतेक पुस्तकं डॅनिश-इंग्रजी. मीही तशीच शिकले. त्या वाटेने माझं काय नुकसान झालं ते आकड्यांपाशी पोचले की लिहीन.

५ सप्टेंबर

पहिलं कार्ड ‘ताक’, म्हणजे आभार. उच्चार अगदी आपल्या ताकासारखा नाही. ‘त’बरोबर थोडी ‘स’ची हवा सुटते आणि शेवटचा ‘क’ अर्ध्यावर सोडतात. पण आईने आपलं घरचं ताक म्हटलं आणि दुकानातल्या मुलीला ते कळलं. उत्तर आलं ‘सेल ताक’. त्यात लिहिलेला ‘व’ कुणी उच्चारत नाही. खरोखरचं ताक हवं असेल तर डब्यावर ‘केर्नेमेल्क’ शोधायचं. केर्ने म्हणजे घुसळणं, मेल्क म्हणजे दूध. घुसळलेलं दूध. आईने लगेच फडताळावर बोट ठेवलं.

डॅनिशमध्ये ‘प्लीज’ला ठरलेला एक शब्द नाही. इंग्रजीतून शिकणारा इथे अडतो आणि ‘आता नम्रपणे कसं मागू’ म्हणून चाचपडतो. मराठी माणसाला अडायचं कारणच नाही. ‘कृपया’ आपल्याकडे पाटीवर असतं, तोंडात नसतं. ‘एक कॉफी द्या’ म्हणताना अदब त्या ‘द्या’मध्ये असते. डॅनिश माणूस ‘एन काफे, ताक’ म्हणतो. त्याची अदब शेवटच्या ‘ताक’मध्ये. कार्डावर एवढंच लिहिलं: मागताना वाक्याच्या शेवटी ताक लावा.

त्याच्या जोडीला ‘वेर्स्गो’. वस्तू हातात देताना म्हणतात, आणि पानं वाढून झाली की घरची बाई टेबलापाशी येऊन हेच म्हणते. शब्दशः ‘इतके चांगले व्हा’, पण अर्थ देताना मी ‘घ्या’ आणि ‘चला, बसा जेवायला’ असे दोन दिले. शब्दशः अर्थ कार्डावर घातला नाही. तो गोंधळ घालतो.

९ सप्टेंबर

लिपीचा दिवस. दोन आवाजांनी पूर्ण संध्याकाळ खाल्ली.

पहिला मऊ ‘द’. ‘मॅद’ म्हणजे अन्न, ‘गेद’ म्हणजे रस्ता, ‘ब्रोद’ म्हणजे पाव. यातला कुठलाच ‘द’ दातांवर आपटत नाही. जिभेचं टोक खालच्या दातांमागे स्वस्थ ठेवायचं आणि मधली जीभ उचलायची. ऐकणाऱ्याला तो ‘ल’ वाटतो. मी आधी नुक्ता दिला: मद़. आईने तो बघून सरळ ‘द’ वाचला. मग ‘ल’ लिहून पाहिला. वरच्या मजल्यावरच्या शेजारणीला दोन्ही ऐकवले. ‘द’वाला तिला कळलाच नाही, ‘ल’वाला पहिल्या फटक्यात कळला. तरी सगळीकडे ‘ल’ लिहायला मन घेत नाही, कारण मग खरा ‘ल’ कुठला ते कळणार नाही. ठरलं: नुक्ता असलेला ‘द़’ ठेवायचा आणि पहिल्याच कार्डावर सांगायचं की जमेपर्यंत ‘ल’ म्हणा.

दुसरा ‘स्टॉद़’. घशात क्षणभर काहीतरी अडतं आणि सुटतं. ‘हुन’ म्हणजे ती बाई. तोच ‘हुन’ घशात अडवून म्हटला की कुत्रा. स्पेलिंग वेगळं, पण कानाला फरक फक्त त्या अडण्याचा. यासाठी खूण करायची की नाही यावर बराच विचार केला. शेवटी नाही केली. देशाच्या दक्षिणेकडच्या बोलींमध्ये, लोलान आणि फाल्स्टर बेटांवर, स्टॉद़ नाहीच, आणि तिथल्या लोकांचं बोलणं बाकीच्यांना समजतंच. सुरुवात करणाऱ्यावर हे ओझं नको.

वर्णक्रमाचंही आजच मार्गी लावलं. डॅनिश वर्णमाला २९ अक्षरांची, शेवटची तीन त्यांची खास. त्यातलं अगदी शेवटचं, ‘ए’च्या डोक्यावर वर्तुळ असलेलं ‘ऑ’, १९४८च्या शुद्धलेखन सुधारणेत अधिकृत झालं. त्याआधी तिथे दोन ‘ए’ लिहीत. आमच्या गावाने २०११च्या १ जानेवारीपासून नाव पुन्हा दोन ‘ए’नी लिहायला घेतलं, म्हणून जुन्या पाट्यांवर एक ऑर्हूस आणि नव्या पाट्यांवर दुसरं. आईला ही दोन वेगळी गावं वाटली होती. गावाच्या नावाचं कार्ड वाढवलं.

१४ सप्टेंबर

आकडे. ज्यासाठी हे काम काढलं, ते आज हातात घेतलं.

आधी माझी जुनी गोष्ट. आल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मुलीच्या लसीची वेळ फोनवर मिळाली: ‘हॅल नी’. हॅल म्हणजे अर्धा, नी म्हणजे नऊ. मी मनात इंग्रजी केलं, इंग्रजीत ‘हाफ नाइन’ म्हणजे साडेनऊ, आणि साडेनऊला तापलेलं पोर घेऊन बर्फातून पोचले. वेळ साडेआठची होती. पुढची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली. त्या दिवशी मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले होते. आजही तो जिना ओलांडताना आठवतं.

‘हॅल नी’ म्हणजे नववा तास अर्धा झाला. साडेआठ. हे इंग्रजीतून उलटं वाटतं, मराठीतून वाटायला नको होतं, कारण आपल्याकडे तीच मोजणी शब्दांच्या पोटात जपलेली आहे. अडीच हा शब्द संस्कृतातल्या ‘अर्धतृतीय’वरून आला. अर्धा तिसरा. दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा. डॅनिशमध्ये दुपारचे अडीच म्हणजे ‘हॅल त्रे’. अर्धे तीन. दीड आला ‘द्व्यर्ध’वरून, आणि डॅनिश लोक दीडला ‘हॅलॅनन’ म्हणतात, अर्धा दुसरा. दीड किलो, दीड तास, दीड वर्ष, सगळीकडे हाच शब्द. इंग्रजीत दीडला शब्दच नाही, ‘एक आणि अर्धा’ करावं लागतं. मी सात वर्षं त्या परक्या जिन्याने चढत राहिले आणि घरातला जिना मला दिसला नाही.

१५ सप्टेंबर

काल थांबवलं नाही म्हणून पुढे. डॅनिश पन्नास म्हणजे ‘हॅल्त्रेस’. साठ ‘त्रेस’, सत्तर ‘हॅल्फ्येर्स’, ऐंशी ‘फिर्स’, नव्वद ‘हॅल्फेम्स’. शिकणारे इथे हात टेकतात. शेजारच्या स्वीडन-नॉर्वेच्या लोकांनाही ही नावं जड जातात. वर्गात आम्हाला सांगितलं होतं की घोका.

घोकायला नको. आईला विचारलं, आपली पणजी गोवऱ्या कशी मोजायची? आई म्हणाली, विसाने. एक विसा, दोन विसा, तीन विसा आणि वर पाच. बस, इथेच सगळं आहे. त्रेस म्हणजे ‘त्रे सिने त्यूवे’, तीन वेळा वीस. तीन विसा. फिर्स म्हणजे चार विसा. हॅल्त्रेस म्हणजे अर्धतृतीय विसा, अडीच विसा, पन्नास. हॅल्फ्येर्समध्ये अर्धा चौथा, म्हणजे साडेतीन विसा, सत्तर. हॅल्फेम्समध्ये साडेचार विसा, नव्वद. साडेतीनला आपल्याकडे जुना शब्द ‘औट’. संतांनी माणसाच्या देहाला ‘औट हात’ म्हटलं आहे, आणि जुन्या शाळांत औटकीचा पाढा होता. तो औटही अर्ध्या चौथ्याचाच. आईच्या वडिलांना पावकीपासून औटकीपर्यंत सगळं पाठ होतं. आजोबा इथे असते तर डॅनिश आकडे एका दुपारीत शिकले असते.

बोलताना शेपूट गळून शब्द आखूड झाले आहेत. पण ‘पन्नासावा’ म्हणायचं झालं की आजही पूर्ण ‘हॅल्त्रेसिन्सत्यूवने’ म्हणावं लागतं, त्यात वीस अजून धडधडीत दिसतो.

दुसरी सोय: एकक आधी. आपलं एकवीस म्हणजे एक आणि वीस, त्यांचं ‘एनोत्यूवे’ तसंच. इंग्रजीतून येणारा चौपन्न ऐकून आधी चार लिहितो आणि गांगरतो. आईने एकक-दशकाचा गोंधळ एकदाही घातला नाही. इथला फोन नंबर आठ आकडी, आणि तो दोन-दोनच्या जोड्यांनी सांगतात. मी एकेका नंबरच्या चार जोड्या म्हटल्या, तिने पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने लिहिल्या. आठवा नंबर चुकला, नववा बरोबर. त्यानंतर सलग सहा बरोबर. तो कागद वहीत चिकटवला आहे.

आकड्यांची कार्डं २२ झाली. मधल्या स्तंभात ‘विसा’ लिहिलं आहे.

२२ सप्टेंबर

नाती. इथेही इंग्रजीने आपल्याला उगाच गरीब केलं होतं. पुस्तकात ‘ऑन्केल’ आणि ‘टान्टे’ एवढंच, म्हणजे अंकल आणि आंटी. पण डॅनिश घरांत ‘मोर्ब्रोर’ आहे: मोर म्हणजे आई, ब्रोर म्हणजे भाऊ. मामा. ‘फार्ब्रोर’ काका. ‘फॅस्टर’ आत्या. ‘मोस्टर’ मावशी. आईची आई ‘मोर्मोर’, वडिलांची आई ‘फार्मोर’. माझी मुलगी आईला आजी म्हणते, पण शाळेत ‘माझी मोर्मोर आली आहे’ म्हणून सांगते, आणि कुणाला पुढे काही विचारावं लागत नाही.

मोस्टर आणि मावशी एका घडणीचे आहेत. मोस्टर म्हणजे आई अधिक बहीण. मावशी आली ‘मातृष्वसा’वरून, तिथेही आई अधिक बहीण. अशा जोड्यांची वेगळी पिशवी केली: ‘नाउन’ आणि नाव, ‘डोर’ आणि दार, ‘टॅन’ आणि दात, ‘नी’ आणि नऊ. या भाषांचं नातं ज्यांनी आधी पद्धतशीर तपासलं त्यांत रास्मुस रास्क हा डॅनिश पंडित होता. ग्रीक-लॅटिनमधला ‘प’ उत्तरेकडच्या भाषांत ‘फ’ होतो असे नियम त्याने १८१८मध्ये छापलेल्या ग्रंथात मांडले. १८२०मध्ये तो मुंबईत आला होता. पारशी पंडितांकडे बसून त्याने अवेस्ता या पारशी धर्मग्रंथाचा आणि पहलवी या जुन्या इराणी भाषेचा अभ्यास केला आणि जमवलेली हस्तलिखितं कोपनहेगनला नेली. मुंबईच्या रस्त्यावर मराठी त्याच्या कानावर पडलीच असणार असं मला वाटतं. कार्डावर हे नाही, पण मला लिहून ठेवायचं होतं.

उलट्या बाजूला आपण श्रीमंत. नणंद, वहिनी, जाऊ, मेहुणी, सगळ्यांना त्यांच्याकडे एकच शब्द, ‘स्वीअरिने’. त्या कार्डावर चारही मराठी शब्द लिहिले. एखादाच निवडणं मला पटलं नाही.

२९ सप्टेंबर

स्वयंपाकघर. सगळ्यात महत्त्वाचं कार्ड जिऱ्याचं. इथल्या दुकानात ‘कॉमन’ लिहिलेली बाटली मिळते. नाव ओळखीचं वाटतं, दाणाही जिऱ्यासारखा, वाकडा आणि रेघांचा. पण ते जिरं नाही, शहाजिऱ्याच्या अंगाचं आहे. डॅनिश लोक ते चीजमध्ये आणि पावात घालतात. गेल्या वर्षी आलेल्या एका घरात दोन महिने याचीच फोडणी पडत होती, आणि त्या मुलीला वाटत होतं की इथल्या पाण्यानेच आमटीची चव बिघडते. जिऱ्याचं नाव ‘स्पेस्कॉमन’, टोकदार कॉमन. आईपुढे दोन्ही बाटल्या उघड्या ठेवल्या. तिने वास घेतला, कॉमनची बाटली बाजूला सारली आणि झाकण घट्ट लावलं. कार्डावर लाल शाईने लिहिलं: आधी ‘स्पेस’ बघा.

बाकी भराभर झालं. हळद ‘गुर्केमाये’, लसूण ‘व्हिद़लॉय’ म्हणजे पांढरा कांदा, बेसन ‘किकेर्तेमेल’, खायचा सोडा ‘नेट्रॉन’. मोठ्या पिशव्या बझार वेस्टला स्वस्त पडतात, हेही कोपऱ्यात घातलं.

दुधाच्या चार कार्डांची मिळून एकच पट्टी केली. ‘सूद़मेल्क’मध्ये साडेतीन टक्के स्निग्धांश, ‘लेत्मेल्क’मध्ये दीड, ‘मिनिमेल्क’मध्ये अर्धा, ‘स्कॉमद़मेल्क’मध्ये ०.१. आई आता डोळे मिटून सूद़मेल्क आणते. बासुंदी तिचीच होते, ती म्हणते.

६ ऑक्टोबर

पाट्या. ‘स्कुब’ ढकला, ‘त्रेक’ ओढा, ‘उद़गँग’ बाहेर जायची वाट, ‘ओप्टे’ आत कुणीतरी आहे. ‘पॅन्त’ म्हणजे रिकाम्या बाटलीची अनामत: ए खुणेला १ क्रोनर, बी ला दीड, सी ला ३. दीड इथेही भेटला.

‘गिफ्ट’ला तांबडी चौकट. लग्न झालेला आणि विष, दोन्ही अर्थ एकाच शब्दाचे. अर्जावर दिसला तर पहिला, बाटलीवर दिसला तर दुसरा. भेटवस्तू कुठेच नाही.

१३ ऑक्टोबर

‘ऊए ४२’. बेचाळिसावा आठवडा. मुलीला शरदाची सुट्टी. इथे तारखेऐवजी आठवड्याचा आकडा सांगतात, ‘४७मध्ये भेटू’ असं सहज म्हणतात. नव्या माणसाला कुणी हे सांगत नाही आणि तो चुकतो. या सुट्टीचं जुनं नाव बटाट्याची सुट्टी, कारण मुलं शेतात बटाटे काढायला लागायची. आईला हे फार आवडलं. आपल्याकडेही सुगीला वर्ग रिकामे व्हायचे, ती सांगत होती.

काळाच्या कार्डांत दोन चांगली सापडली. ‘इ ओवमॉन’ म्हणजे येणारा परवा, ‘इ फॉगॉस’ म्हणजे गेलेला परवा. आपला परवा दोन्हीकडे चालतो, क्रियापद आलं की कळतं, म्हणून कार्डावर ‘परवा येईन’ आणि ‘परवा आले’ अशी वाक्यंच दिली. आणि ‘डॉइन’: दिवस आणि रात्र मिळून चोवीस तास. औषधाच्या कागदावर हा असतो. अर्थ लिहिला ‘अहोरात्र’.

२० ऑक्टोबर

अडकले होते ते आज सोडवलं. डॅनिशमध्ये सगळे सगळ्यांना ‘डू’ म्हणतात. विद्यार्थी शिक्षकाला, रोगी डॉक्टरला, शिकाऊ पोरगा साहेबाला. ‘डी’ हे आदराचं रूप राजघराण्यापुरतं आणि काही औपचारिक पत्रांपुरतं उरलं आहे. मग डूचा अर्थ काय लिहू, तू की तुम्ही?

पहिल्या खर्ड्यात सगळीकडे ‘तू’ होतं. आईने डॉक्टरचं कार्ड वाचलं: ‘तुला कुठे दुखतं?’ ती म्हणाली, हा डॉक्टर मला अरेतुरे का करतोय? तिचं बरोबर आहे. डूमध्ये अरेतुरे नाही. तो सगळ्यांना सारखा आहे, म्हणून त्यात कमीपणा येत नाही. मराठीतला तू सारखा नसतो. म्हणून प्रत्येक वाक्य मराठीत जो माणूस ज्या माणसाशी जसं बोलेल तसंच लिहायचं ठरवलं. डॉक्टर ‘तुम्हाला’, शेजारची मैत्रीण ‘तुला’, गल्ल्यावरची मुलगी नुसतं ‘पिशवी हवी का?’ ८४ कार्डं बदलली. रात्रीचा एक वाजला.

२७ ऑक्टोबर

‘ली’ आणि ‘यो’. शब्दकोशात ‘ली’चे अर्थ आहेत सरळ, समान, आत्ताच. वापरात त्यातला एकही लागत नाही. ‘कॅन डू ली...’ म्हणजे ‘जरा हे करतेस का’. ली म्हणजे आपला जरा. मागणी हलकी करतो, दुसऱ्याच्या खांद्यावर ओझं टाकत नाही. ‘यो’ म्हणजे वाक्यातला आपला ‘की’ किंवा ‘च’: ‘तुला माहीतच आहे की’. नकारार्थी प्रश्नाला हो म्हणायचं असेल तेव्हाही ‘या’ नाही, ‘यो’. ‘नाही येणार?’ ‘येणार की!’ पुन्हा तोच ‘की’.

ही दोन कार्डं मला सगळ्यात जवळची. यांना इंग्रजीत मोकळा अर्थ सापडेना म्हणून वर्गात आम्हाला ‘कानावर पडता पडता येईल’ असं सांगितलं होतं.

३ नोव्हेंबर

वरच्या शेजारणीने तिघींना जेवायला बोलावलं. आईने चार वाक्यं तयार केली होती. जेवून उठताना तिने हात न जोडता, त्या बाईकडे बघून म्हटलं, ‘ताक फॉर मॅद़’. जेवणाबद्दल आभार. ‘द़’ बराचसा ‘ल’सारखा आला. शेजारीण म्हणाली, ‘वेल्बेकॉमे’. मी या कार्डावर ‘अन्नदाता सुखी भव’ लिहिलं होतं. ते आईनेच सुचवलं होतं. तिच्या माहेरी वडील रोज जेवून उठताना म्हणायचे.

शेजारीण तासभर थांबून फोनमध्ये १२० शब्द ध्वनिमुद्रित करायला बसली. अक्षर चुकलं की स्वतःहून पुन्हा म्हणायची.

१७ नोव्हेंबर

२८७ कार्डं. ३००चा हट्ट सोडला. सरकारी कागदांच्या १३ शब्दांना घाईघाईने अर्थ देऊन उपयोग नाही. छपाईआधी तीन घरांना वाचायला दिली आहेत.

२३ नोव्हेंबर

आईचं विमान परवा, येणारा परवा. सकाळी दुधाला खाली गेली तेव्हा जिन्यात शेजारीण भेटली. तिने म्हटलं, ‘ताक फॉर सिस्ट’. मागच्या भेटीबद्दल आभार. जेवणानंतर पहिल्यांदा भेटलं की हे म्हणायची इथे रीत आहे, आणि याचं कार्ड मी केलेलंच नव्हतं. मराठीत तसं ठरलेलं वाक्य नाही, म्हणून राहून गेलं होतं. आईला अर्थ कळला नाही. ती ‘सेल ताक’ म्हणाली, जे इथे अगदी बरोबर उत्तर आहे. वर येऊन तिने मला विचारलं, ‘ती काय म्हणाली गं?’ मी सांगितलं. थोडा वेळ गप्प बसून ती म्हणाली, ‘अर्थ असा लिही: परवा तुमच्याकडे फार बरं वाटलं.’

कार्ड क्रमांक २८८. आईने सांगितलं तसंच लिहिलं.